आरसी बुक कुणाच्या नावावर? रेसिंग गेमच्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
रेसिंग गेम बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि आपल्या सोयीनं बंद करणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक यांस,

सा.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात चारचाकीचं गॅरेज चालवतो. दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली असतो आणि रात्री शटर ओढून जेवण झालं की तासभर तुमच्या गाड्या पळवतो. आईला हे कधीच पटलेलं नाही. "दिवसभर गाड्याच की रे, मग रात्री परत गाड्या?" दिवसा येते ती बिघडलेली असते, एवढंच मी तिला सांगतो. धडधाकट गाडी मोकळ्या रस्त्यावर पळवायला मिळणं मेस्त्रीच्या नशिबी फार कमी असतं.

आपली ओळख जुनी आहे. २००६ च्या सुमारास आमच्या स्टँडसमोर नेट कॅफे होता. तिथं तासाला वीस रुपये देऊन आम्ही ‘नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड’ खेळायचो. त्यातल्या ब्लॅकलिस्ट नावाच्या यादीवरचे पंधरा रेसर एकेक करून हरवायचे आणि शेवटी त्यांच्यातल्याच रेझरनं लांबवलेली आपली बीएमडब्ल्यू परत मिळवायची. कॅफे बंद झाला तेव्हा मालकानं ती सीडी मला देऊन टाकली. ती सीडी अस्सल नव्हती, हे इथंच कबूल करतो. त्या वयात खिशात वीस रुपयेच असायचे. आज कपाटात आहेत त्या सगळ्या डिस्क बिलासकट घेतलेल्या आहेत.

या पत्राला निमित्त माझा भाचा. दहावीला आहे. परीक्षा झाल्यावर नवा रेसिंग गेम हवा म्हणतो, किंमत पाच हजारांच्या घरात. मी हो म्हटलं. तर पोरगं विचारतं, "मामा, पण हा चालंल किती वर्षं?" माझ्याकडे बॅटरी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हेच विचारतं, आणि मी कार्डावर तारीख घालून शिक्का मारून देतो. तुमच्या डब्यावर तसा आकडा मी शोधला. वय किती हवं ते सापडलं, किती जीबी जागा लागेल ते सापडलं, किती जण एकत्र खेळू शकतील तेही होतं. किती दिवस चालेल, ते कुठंच नव्हतं.

आता आधी माझं दुखणं. त्यातल्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार एका दुकानाची नाही, साऱ्या पेठेच्या रीतीची आहे. माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला गेला तेव्हा आम्ही दोघांनी एकाच गेमच्या दोन डिस्क घेतल्या. रविवारी रात्री तो तिकडून, मी इकडून. फोनवर आम्ही दोन मिनिटांत "बरंय, ठेवतो" म्हणणारे भाऊ. गाडी चालवताना मात्र तासभर बोलायचो. त्याचं लग्न ठरवताना पोरीबद्दल त्यानं पहिल्यांदा सांगितलं ते मला एका बोगद्यात ओव्हरटेक करता करता. मग एक दिवस ईमेल आला की अमुक तारखेला सर्व्हर, म्हणजे गेम जोडून ठेवणारं कंपनीचं यंत्र, बंद. दोघांची भेट बंद झाली हे मी समजू शकतो, त्याला सर्व्हर लागतोच. पण निम्म्याहून जास्त शर्यती मी एकटा, संगणकानं चालवलेल्या गाड्यांशी खेळत होतो. त्याही गेल्या. तीन वर्षांत जमवलेल्या गाड्या गेल्या. डिस्क घातली की पाटी येते, सर्व्हरशी संपर्क होत नाही, आणि खाली बटण, ‘पुन्हा प्रयत्न करा’. पुन्हा प्रयत्न कशाचा करायचा हे तुमच्यापैकी कुणी सांगेल का?

गंमत बघा. चोरीची सीडी आजही चालते आणि बिलाची डिस्क चालत नाही.

दुसरा प्रसंग त्याहून साधा आहे. मागच्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामात जेसीबीनं नेटची केबल तोडली आणि चार दिवस गावाला नेट नव्हतं. वीज होती, टीव्ही होता, डिस्क होती, माणूस रिकामा होता. तरी गेम आत घेईना. एकट्यानं, स्वतःच्या घरात, स्वतःच्या टीव्हीवर, कुणाशीही स्पर्धा न करता चार फेऱ्या मारायच्या, तर त्यासाठी परदेशातल्या कुठल्या तरी यंत्राची परवानगी लागते. मोबाइलच्या नेटवर जोडावं म्हटलं, तर आधी अपडेट उतरवा, आणि अपडेट तीस-चाळीस जीबीचा. आमचा पॅक रोजचा दीड जीबीचा. गणित तुम्हीच करा.

आता जगजाहीर उदाहरण घेतो. युबिसॉफ्ट या कंपनीचा ‘द क्रू’ हा गेम डिसेंबर २०१४ मध्ये विक्रीला आला. फ्रान्समधल्या आयव्हरी टॉवर या स्टुडिओनं अख्खी अमेरिका त्यात लहान करून बसवली होती. एका किनाऱ्यावरून निघून न थांबता दुसऱ्या किनाऱ्याला जायला पाऊण-एक तास लागायचा, आणि वाटेत बर्फ, वाळवंट, शेतं सगळं. नुसतं शर्यतीविना फिरण्यासाठी तो घेणारे लोक होते. १४ डिसेंबर २०२३ ला तो विक्रीतून काढला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. कारण दिलं ते सर्व्हरच्या यंत्रणेचं आणि परवान्यांचं. एकट्यानं खेळायचा भागही सर्व्हरलाच बांधलेला होता, त्यामुळे सगळाच गेला. एवढ्यावर न थांबता पुढच्या महिन्यात कित्येकांच्या खात्यातून त्या गेमचा परवानाच काढून घेतला.

त्याच २०१४ च्या जानेवारीत मारुती ८०० चं उत्पादन थांबलं, म्हणजे ‘द क्रू’ जन्माला आला त्याच्या आधी. परवाच माझ्याकडे एक ८०० क्लच प्लेट बदलायला आली होती. मालक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. कंपनीनं गाडी बनवायची थांबवली म्हणून कुणी रात्री येऊन गुरुजींच्या दारातली गाडी उचलून नेली नाही. स्पेअर मिळतो, नाही मिळाला तर जुन्या बाजारातून आणतो, तिथंही नसला तर लेथवर बनवून घेतो. कंपनीची जबाबदारी संपते तिथून आमचं काम सुरू होतं, आणि कंपनी आम्हाला अडवत नाही. गाडी गुरुजींची आहे. आरसी बुकावर नाव त्यांचं आहे.

तुमच्या बाबतीत नेमकं उलट आहे. पैसे आमचे, मेहनत आमची, आरसी मात्र तुमच्या नावावर. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन खेळाडूंनी ‘द क्रू’वरून दावा लावला. कंपनीचं उत्तर असं की गिऱ्हाइकांना मालकी दिलीच नव्हती, वापरायचा परवाना दिला होता. फिर्यादींनी दाखवलं की डब्यातल्या कोडवर मुदत छापली होती २०९९ ची. तेव्हा माझा भाचा नव्वदीला टेकलेला असेल. कोर्ट काय म्हणायचं ते म्हणेल. पण दुकानात ‘खरेदी करा’ असं लिहायचं आणि कोर्टात ‘विकलंच नव्हतं’ म्हणायचं, ही बोली आमच्या बाजारात चालत नाही. जुन्या गाड्यांचे एजंटसुद्धा इतकं धाडस करत नाहीत, आणि ते काय चीज असतात हे मला विचारा.

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं? ‘द क्रू अनलिमिटेड’ या नावानं चाहत्यांनीच स्वतः सर्व्हरचं काम उलगडून तो गेम संगणकावर परत चालू केला. कंपनीनं सोडलेली गाडी बाहेरच्या पोरांनी पाना-पक्कड घेऊन सुरू केली. मला ती माणसं आमच्याच धंद्यातली वाटतात. ज्यांच्याकडे सगळे नकाशे आणि सगळे स्पेअर होते, त्यांना ते का जमलं नाही?

आता मजुरीबद्दल. तुमच्या गेममध्ये गाडी घ्यायची तर क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे, लागतात आणि क्रेडिट शर्यती जिंकून मिळतात. इथवर काहीच तक्रार नाही. घाम गाळून गाडी घेण्यात मजा आहे. पण दर तुम्ही ठरवता आणि काम चालू असताना बदलता. ‘ग्रान टुरिस्मो ७’ मार्च २०२२ मध्ये आला. दोन आठवडे होत नाहीत तोवर एका अपडेटनं सर्व्हर तीस तासांहून जास्त वेळ बंद पडले. या गेमचा बहुतेक भाग नेटशिवाय उघडतच नसल्यानं, ज्यांना एकट्यानं खेळायचं होतं तेही हात चोळत बसले. चालू झाला तेव्हा लोकांना कळलं की कित्येक शर्यतींचं बक्षीस कापलंय. सगळ्यात महाग गाड्यांचे भाव दोन कोटी क्रेडिटच्या आसपास. वीस लाख क्रेडिट रोखीनं घ्यायचे तर वीस डॉलर. म्हणजे पूर्ण किमतीला घेतलेल्या गेममधली एक गाडी, वेळ नसेल तर, दोनशे डॉलरना.

निर्माते काझुनोरी यामाउची यांनी माफी मागितली, दहा लाख क्रेडिट भरपाई म्हणून दिले आणि एप्रिलमध्ये बक्षिसं वाढवली. हे कबूल करायला हवं. माफी मागणारे मालक कमी असतात. गाड्यांच्या किमती खऱ्या जगातल्या मोलाशी जुळाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेब, खऱ्या जगातल्या किमती मला रोज दिसतात. मला खऱ्या आयुष्यात फेरारी परवडत नाही, म्हणून तर मी तुमच्याकडे आलो.

याच्याच जोडीला हजेरी. ‘फोर्झा होरायझन’ ४ आणि ५ मध्ये दर गुरुवारी हंगाम बदलतो, आपल्याकडच्या घड्याळात रात्री आठला. त्या आठवड्याची कामं त्या आठवड्यातच करायची, तर अमुक गाडी मिळायची. चुकली तर ती परत कधी येईल ते त्यांच्या मर्जीवर. कल्पना मुळात वाईट नव्हती. चौथ्या भागातल्या ब्रिटनच्या रस्त्यांवर हिवाळा आला की रस्ता खरंच वेगळा वाटायचा. पण हंगाम दाखवणं वेगळं आणि हंगामाच्या नावानं मस्टर भरून घेणं वेगळं. एखाद्याच्या घरी बाळंतपण असेल, कुणाची कापणी असेल, कुणाचा पेपर असेल. खेळायला सुट्टी लागते हे ठाऊक होतं. खेळातून सुट्टी घेतली की खाडा धरतात, हे नवीन.

आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार सांगितलेत. त्यातला पहिलाच आहे खोटी घाई लावणं. डिजिटल गाडीचा साठा संपत नसतो, तिचं कुठं गोदाम नसतं, तरी ‘उरले फक्त दोन दिवस’ असं घड्याळ टिकटिकत ठेवणं त्यात बसतं की नाही, हे त्या प्राधिकरणानंच एकदा तपासावं. आपल्याकडे गेम म्हटलं की सरकारला रमी आणि पैसे लावायचे खेळच दिसतात. सरळ पैसे मोजून गेम घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे अजून कुणी वळून पाहिलेलं नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. गाडीच्या कंपन्यांकडून नाव आणि रूप वापरायचे परवाने घ्यावे लागतात आणि ते ठरावीक मुदतीचे असतात. म्हणून ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला. ठीक आहे. नवीन विकू नका. पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्याकडे तो चालतोच आहे, म्हणजे परवान्याची मुदत संपली तरी गिऱ्हाइकाचा गेम मारावा लागत नाही, हे तुमच्यातल्याच एकानं दाखवलंय. सर्व्हरला खर्च येतो, तेही खरं. दहा माणसांसाठी कुणी कायम दिवा जाळत ठेवा असं मी म्हणत नाही. दिवा विझवताना दाराची किल्ली तेवढी आमच्याकडे द्या, इतकंच. आणि फसवाफसवी रोखायला सगळं सर्व्हरवर ठेवावं लागतं, हे ऑनलाइन शर्यतीपुरतं मान्य. एकटा खेळणारा माणूस फसवून फसवून कुणाला फसवणार?

शिवाय हे जमतं. ‘ग्रान टुरिस्मो स्पोर्ट’ही नेटला बांधलेला होता. ३१ जानेवारी २०२४ ला त्याचे ऑनलाइन सर्व्हर बंद झाले, तेव्हा अपडेट देऊन तो नेटशिवाय खेळता आणि जतन करता येईल असा करून दिला. वर ज्यांच्या मजुरीवर मी तोंड टाकलं त्यांचंच हे काम. श्रेय द्यायला मला लाज नाही. आरडाओरडा झाल्यावर युबिसॉफ्टनंही ‘द क्रू २’ला ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑफलाइन खेळायची सोय दिली. मग पहिल्या ‘द क्रू’च्या लोकांनी काय पाप केलं होतं? ओरडायला उशीर केला, एवढंच.

‘आयरेसिंग’ या ऑनलाइन गेमचं उदाहरण तर मला फार आवडतं. ते २००८ पासून वर्गणीवर चालतात. महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं सांगतात, भाडं घेतात. महाग आहे, मला परवडत नाही, पण त्यात खोट नाही. भाड्याची गाडी भाड्याची म्हणून दिली की भांडण कशाचं?

एप्रिल २०२४ मध्ये यूट्यूबवर गेमचे व्हिडिओ करणारे रॉस स्कॉट यांनी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली ती ‘द क्रू’वरूनच. युरोपियन युनियनमध्ये त्यातून निघालेल्या, बंद केलेला गेमही खेळता येईल असा ठेवा या नागरिकांच्या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. तुमच्या तिथल्या संघटनेनं उत्तर दिलं की अशी सक्ती झाली तर गेम बनवणं न परवडण्याइतकं महाग होईल. कॅलिफोर्नियात जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, की परवानाच देत असाल तर ‘खरेदी’ शब्द वापरताना तसं स्पष्ट सांगा. युरोपातल्या गिऱ्हाइकाला निदान सही करायला कागद होता. आम्ही इथून सही करू शकलो नाही, म्हणून हे पत्र.

मागण्या मोजक्या आहेत.

एक. एकट्यानं खेळायचा भाग पहिल्या दिवसापासून नेटशिवाय चालला पाहिजे. गेम बंद करताना उपकार म्हणून नव्हे, विकतानाच.

दोन. गेम किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते डब्यावर आणि ऑनलाइन दुकानात किमतीच्या शेजारी, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरात छापा. बॅटरीवाला छापतो, तुम्हाला काय अवघड आहे?

तीन. सर्व्हर बंद करायचा असेल तर वर्षभर आधी सांगा, आणि जाताना खासगी सर्व्हर चालवता येईल इतकी सामग्री मोकळी करा. निदान जे चाहते स्वतःच्या वेळेत ते काम करतायत त्यांच्यामागे वकील लावू नका.

चार. पूर्ण किंमत घेतलेल्या गेममध्ये गाड्या रोखीनं विकायच्या असतील, तर कष्टानं मिळवायचा दर विक्रीनंतर कमी करायचा नाही. वाढवला तर आमची हरकत नाही.

पाच. आठवड्याची गाडी चुकली तर ती ठरावीक काळानंतर साध्या दुकानात साध्या भावात यावी. किती काळानंतर ते तुम्ही ठरवा, पण लिहून द्या.

भाच्याची परीक्षा मार्चात संपते. तोवर तुमच्यापैकी कुणी दुसऱ्या मागणीपुरतं जरी उत्तर दिलं, तरी त्याच्यासाठी ती डिस्क घेईन, रोख आणि बिलासकट. नाही दिलं तर स्टँडसमोरच्या कॅफेतली ती सीडी आणि जुना संगणक माळ्यावरून काढून साफ करून ठेवलाय. काल लावून बघितला. पंखा आवाज करतो, पण गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली.

कळावे,
आपलं एक जुनं गिऱ्हाईक